माहिती-व्यवस्थापन व संगणकप्रणाली, वनजिल्ह्यांतील : चंद्रपूर व गडचिरोली

संस्थेच्या कामकाजास लागणारी माहिती गोळा करणे, तिची ठरावीक नमुन्यात नोंद करणे, ती जतन करणे, तिच्यावर संस्करण करणे आणि निर्णय घेणाऱ्यास ती वेळेवर उपलब्ध करून देणे, या कार्यांच्या नियोजनास व नियंत्रणास माहिती-व्यवस्थापन म्हणतात. ही कार्ये संगणकाच्या साहाय्याने करावयाची झाल्यास संगणकास द्यावयाच्या आज्ञावलींचा, म्हणजेच सॉफ्टवेअरचा, विकास आणि त्याची देखभाल यांचाही समावेश या व्यवस्थापनात होतो. आवश्यकतांची निश्चिती, प्रणालीचा आराखडा, क्रमादेशन, चाचणी, कार्यान्वयन व देखभाल हे सॉफ्टवेअर-विकासाचे प्रमुख टप्पे होत. यांपैकी पहिला टप्पा वरकरणी सोपा, परंतु परिणामांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असतो. नोंदीचा घटक कोणता मानावयाचा, तक्त्यात कोणते स्तंभ ठेवावयाचे, नोंद कोणी करावयाची आणि चुकलेली नोंद कोणी दुरुस्त करावयाची, हे याच टप्प्यात ठरते. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे वन, कोळसा, वीज व कागद यांचे मोठे व्यवहार नोंदींवर चालत आले आणि त्याच नोंदींवर तेथील ग्रामस्थांचे जमिनीचे व जंगलाचे हक्कही अवलंबून राहिले.

प्रादेशिक पार्श्वभूमी : गोंड राजांच्या व त्यानंतर नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असलेला चांदा प्रदेश १८५४ मध्ये ब्रिटिशांकडे आला आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात त्याचा समावेश झाला. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेशात, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १९६४ च्या सुमारास जिल्ह्याचे चांदा हे नाव बदलून चंद्रपूर करण्यात आले. तथापि ‘मध्य चांदा’ या वनविभागाच्या नावात जुने नाव टिकून आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी मूळ जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून त्याचा सु. तीन-चतुर्थांश भाग वनव्याप्त आहे. गडचिरोली, वडसा, आलापल्ली, भामरागड व सिरोंचा हे त्यातील वनविभाग होत. मराठीबरोबरच गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी व बंगाली या भाषा या जिल्ह्यात बोलल्या जातात. राज्य, जिल्हा व नाव यांत झालेल्या या बदलांचा नोंदींवर थेट परिणाम झाला. उदा., १९८१ ची जनगणना जुन्या चंद्रपूर जिल्ह्याची असल्याने गडचिरोलीची आकडेवारी त्यापूर्वीच्या आकडेवारीशी ताडून पाहावयाची झाल्यास तालुकावार व गाववार पुनर्रचना करावी लागते. एखाद्या प्रणालीत पूर्वीची आकडेवारी भरताना हे काम प्रथम करावे लागते आणि ते टाळल्यास पुढील सर्व तुलना सदोष ठरतात.

कागदी नोंदींचा काळ : या जिल्ह्यांतील माहिती-व्यवस्थापनाची पहिली पद्धतशीर चौकट जमीन महसुलाच्या व वनखात्याच्या दप्तरांतून निर्माण झाली. १८६० नंतरच्या दशकातील जमाबंदीच्या कामात गावांची मोजणी, मालगुजारांचे हक्क व जमिनींचे प्रकार नोंदविले गेले. १८७८ व १९२७ च्या वन अधिनियमांनी राखीव व संरक्षित वनांची कायदेशीर चौकट घातली. वनखात्याने जंगलाची विभागणी परिक्षेत्र, वर्तुळ, नियतक्षेत्र व कक्ष अशा उतरत्या घटकांत केली. प्रत्येक कक्षास क्रमांक देण्यात आला. त्यातील झाडोरा, जमिनीची प्रत, पूर्वी झालेली तोड व पुढे करावयाची तोड यांची नोंद कक्ष-इतिहासात व कार्य आयोजनेत होऊ लागली. तोडावयाच्या झाडावर हातोड्याची खूण करणे, तिची नोंद वहीत घेणे, कूपातून माल विक्री आगारात आणणे, तेथे त्याच्या लाटा लावणे, लिलाव करणे आणि वाहतूक परवाना देणे, अशी नोंदींची एक अखंड साखळी तयार झाली. आलापल्लीच्या जंगलातील साग बल्लारशाच्या आगारात पोहोचेपर्यंत प्रत्येक ओंडक्याचा माग या साखळीमुळे लावता येत असे. संगणकाशिवाय चालणारी ही एक सुव्यवस्थित माहितीप्रणालीच होती.

या प्रणालीचा घटक कक्ष हा होता आणि तिचा हेतू उत्पादन व महसूल यांचा हिशेब ठेवणे हा होता. गावकऱ्यांचा जंगलाशी असलेला संबंध वेगळ्या दप्तरात नोंदला जाई. जळाऊ लाकूड, बांबू, गवत, मोहफुले, चराई इत्यादींच्या रूढ वापरास निस्तार म्हणत आणि त्याचे तपशील गावाच्या निस्तार पत्रकात व वाजिब-उल-अर्ज या रूढींच्या नोंदीत आढळतात. मध्य प्रदेशातील मालकी हक्क नाहीसे करण्याच्या १९५० च्या कायद्याने १९५१ मध्ये मालगुजारी व जमीनदारी संपुष्टात आली. अहेरीसारख्या जमीनदारीतील जंगल शासनाकडे आले आणि निस्ताराच्या नोंदी नव्याने करण्यात आल्या. म्हणजे एकाच जंगलाची नोंद दोन ठिकाणी होती : वनखात्याकडे कक्षाच्या क्रमांकाने आणि महसूल खात्याकडे गावाच्या नावाने. दोन्ही दप्तरांचे नकाशेही भिन्न प्रमाणांचे होते. गावनकाशे सामान्यतः १ मैलास १६ इंच, तर वनखात्याचे नकाशे १ मैलास ४ इंच या प्रमाणात काढलेले असत. या दोन नोंदी एकमेकींशी जुळविण्याची गरज कागदी काळात क्वचितच भासली. संगणकीकरणात मात्र हाच प्रश्न अग्रभागी आला.

झुडपी जंगलाची नोंद : नोंदीतील एका शब्दाचे परिणाम किती दूरवर जाऊ शकतात, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘झुडपी जंगल’ ही नोंद होय. जुन्या मध्य प्रांतातील महसुली दप्तरांत खुरट्या झुडपांच्या, बहुधा चराईस व गावाच्या इतर वापरास असलेल्या जमिनींस ही संज्ञा लावलेली आढळते. १९५६ नंतर ती नोंद तशीच महाराष्ट्राच्या अधिकार-अभिलेखात आली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत अशा जमिनींवर पुढे शाळा, कार्यालये, दफनभूमी, घरे व शेती झाली. वन (संवर्धन) अधिनियम १९८० मध्ये अंमलात आल्यावर आणि १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शासकीय अभिलेखात वन म्हणून नोंदलेले क्षेत्रही वन मानावे असे म्हटल्यावर, ‘जंगल’ हा शब्दच निर्णायक ठरला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल जमिनी या आदेशानुसार वन ठरतात असा निर्णय दिला व १९९६ पूर्वीच्या वाटपांबाबत अटींसह संरक्षणाची तरतूद केली. वनव्यवस्थापनास अयोग्य मानलेले सु. ८६ हजार हेक्टर क्षेत्र या वादाशी निगडित होते. जमिनीची प्रत्यक्ष स्थिती व तिची नोंद यांत अंतर पडले, म्हणजे संगणक ते अंतर आपोआप भरून काढीत नाही. तो जुना शब्द अधिक वेगाने व अधिक ठिकाणी उपलब्ध करून देतो, एवढेच.

संगणकाचा प्रवेश : महाराष्ट्रात संगणकाचा वापर प्रथम मुंबईत सुरू झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला संगणक १९६० च्या सुमारास कार्यान्वित झाला व पुढे ‘टिफ्रॅक’ या नावाने ओळखला गेला. व्यापारी कंपन्यांत १९६१ पासून पगारपत्रके, साठा व हिशेब यांसाठी छिद्रित पत्रांवर चालणारे संगणक बसविण्यात येऊ लागले. १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था सुरू झाली आणि फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली सॉफ्टवेअर-विकास हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहिला. कामगार संघटनांनी संगणकास रोजगाराच्या प्रश्नावरून विरोध केला. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्वयंचलनाच्या रोजगारावरील परिणामांचा विचार करून १९७२ मध्ये आपला अहवाल सादर केला. १९८४ च्या संगणक धोरणानंतर संगणकांची आयात व निर्मिती सुलभ झाली आणि यंत्रे जिल्ह्यांच्या ठिकाणी पोहोचू लागली.

चंद्रपूर जिल्ह्यात या बदलाचा पहिला स्पर्श मोठ्या उद्योगांना झाला. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली. चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी व वणी ही तिची या परिसरातील क्षेत्रे होत. १९८३ पासून चंद्रपूर औष्णिक वीज केंद्राचे संच टप्प्याटप्प्याने सुरू झाले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्यास जवळच्या जंगलांतून बांबूचा पुरवठा होत असे. अशा उद्योगांत हजेरी, पगार, सुटे भाग, कोळशाचा उपसा व पाठवणूक या बाबी वारंवार आणि मोठ्या संख्येने येतात. त्यांचे नियमही ठरलेले असतात. त्यामुळे त्या संगणकीकरणास अनुकूल ठरतात. कोल इंडियाच्या कंपन्यांसाठी खरगपूरच्या आय.आय.टी.मध्ये ‘कोलनेट’ ही एकात्मिक प्रणाली विकसित करण्यात आली आणि २०२० नंतर तिची जागा तयार स्वरूपातील उपक्रम-संसाधन प्रणालीने घेण्यास सुरुवात झाली. स्वतःच्या गरजेनुसार प्रणाली घडविणे आणि बाजारातील तयार प्रणालीशी आपले कामकाज जुळवून घेणे, हे दोन्ही मार्ग या एका उद्योगात पाहावयास मिळतात. पहिल्या मार्गात स्थानिक पद्धतींना वाव मिळतो, परंतु देखभाल मूळ विकासकांवर अवलंबून राहते. दुसऱ्या मार्गात देखभाल सुकर होते, परंतु खाणीवरील लेखनिकाला आपली रूढ नोंदपद्धती सोडावी लागते.

शासकीय कार्यालयांत संगणक पोहोचविण्याचे कार्य १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने केले. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात या केंद्राच्या उपग्रहाधारित जाळ्याने जिल्हाधिकारी कार्यालये राजधान्यांशी जोडण्यात आली. १९८८-८९ मध्ये भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रायोगिक प्रकल्प देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा या चंद्रपूरलगतच्या जिल्ह्याचा समावेश होता. पुढे सर्व जिल्ह्यांत सात-बारा उतारे संगणकावर आले व २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. या कामात देवनागरी लिपीचा प्रश्न महत्त्वाचा होता. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या ‘जिस्ट’ तंत्रामुळे संगणकावर भारतीय लिपी वापरणे शक्य झाले व १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या सांकेतिकरणाचे मानक निश्चित झाले. तथापि अनेक कार्यालयांत निरनिराळ्या टंकांचा वापर चालू राहिल्याने एका संगणकावरील मजकूर दुसऱ्यावर वाचता येत नसे. युनिकोडचा वापर रूढ झाल्यावर ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली. तरीही नावांच्या लेखनातील भेद राहिलेच. आलापल्ली व अल्लापल्ली ही एकाच गावाची दोन लेखने होत. चक, माल, टोला, तुकूम, रिठ अशा जोडनावांमुळे एकाच नावाची अनेक गावे यादीत येतात. त्यामुळे नावाऐवजी गावाचा सांकेतिक क्रमांक हा जोडणीचा आधार मानणे आवश्यक ठरते.

वनव्यवस्थापनातील वापर : १९८१ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली आणि उपग्रह-प्रतिमांवरून वनाच्छादनाचे मापन नियमितपणे होऊ लागले. १९८८ मध्ये भारताचा पहिला सुदूर संवेदन उपग्रह अवकाशात सोडण्यात आला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. कागदी नकाशांचे अंकीकरण करून त्यांवर उपग्रह-प्रतिमा ठेवणे, म्हणजेच भौगोलिक माहितीप्रणाली, हे कार्य आयोजना तयार करण्याचे प्रमुख साधन बनले. येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. उपग्रह वनाच्छादन, म्हणजे झाडांच्या माथ्यांचे आच्छादन, टिपतो. जमिनीचा कायदेशीर दर्जा किंवा तिचा वापर करणारा गाव त्याला दिसत नाही. दाट बांबूचे क्षेत्र व दाट सागवान या दोहोंत गावकऱ्याच्या व व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोठे अंतर असले, तरी आच्छादनाच्या आकड्यात ते सहज लोपते.

ताडोबा येथे १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान व १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले. पुढे या दोहोंचा मिळून ६२५.४० चौ. किमी. गाभा क्षेत्राचा व्याघ्र प्रकल्प बनला. पूर्वी वाघांची गणना पाऊलखुणांच्या साच्यांवरून होत असे. २००६ पासून देशभर स्वयंचलित कॅमेरे व सांख्यिकीय अनुमान यांचा अवलंब झाला. पट्ट्यांच्या रचनेवरून प्रत्येक वाघ ओळखणारी आज्ञावली वापरात आली. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘एम-स्ट्राइप्स’ या प्रणालीत वनरक्षकाच्या पायी गस्तीचा मार्ग, आढळलेल्या खुणा व गुन्हे यांची जागेसह नोंद होते. या प्रणालींचे यश मुख्यतः नोंद करणाऱ्या वनरक्षकावर अवलंबून असते. आपण भरलेल्या माहितीचा आपल्या नियतक्षेत्रास उपयोग होतो असे त्यास दिसले, तर नोंदी काळजीपूर्वक होतात. केवळ वरिष्ठांना अहवाल पाठविण्यासाठी त्या केल्या गेल्या, तर रकाने भरले जातात, परंतु माहितीची प्रत घसरते. वाहतूक परवानेही क्रमशः संगणकावर आले असून २०२३ अखेर देशभर एकच परवाना चालावा अशा राष्ट्रीय प्रणालीस प्रारंभ झाला. वनजमिनीच्या अन्य वापरासाठीचे प्रस्ताव २०१८ पासून ‘परिवेश’ या संकेतस्थळावर सादर होतात. अर्ज करणाऱ्या उद्योगास आपल्या प्रस्तावाची स्थिती त्यामुळे कार्यालयात बसून कळू शकते.

वनहक्क व नोंदीची मालकी : अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम २००६ मध्ये संमत झाला व त्याचे नियम २००८ पासून लागू झाले. या कायद्याने नोंदीचा क्रम उलट केला. हक्काची निश्चिती ग्रामसभेपासून सुरू होते. त्यानंतर उपविभागीय व जिल्हास्तरीय समिती दाव्याचा विचार करतात. पुराव्यांत शासकीय कागदपत्रे व कार्य आयोजना यांच्याबरोबरच विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे आणि गावातील वृद्धांची लेखी घेतलेली निवेदने यांनाही स्थान आहे. निस्तारासारख्या रूढ वापराच्या नोंदी सामूहिक हक्काचा आधार म्हणून विशेष उपयोगी ठरल्या. कक्षाच्या क्रमांकावर उभ्या असलेल्या प्रणालीपुढे गाव हा घटक येथे प्रथमच समान अधिकाराने उभा राहिला.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव देशात सर्वप्रथम सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी एक होय. २००९ मध्ये त्यास सु. १,८०० हेक्टर जंगलावरील हक्क मान्य झाला. या यशामागे अनेक वर्षांची तयारी होती. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने गावात अभ्यासगट चालत आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रूढ झाली होती. कायदे, नकाशे व शासकीय कागद यांचे वाचन गावातच होत असे. म्हणजे माहिती-व्यवस्थापनाची यंत्रणा तेथे संगणकापूर्वीच तयार झाली होती. हक्क मान्य झाल्यानंतरही बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याची आवश्यकता होती व तो देण्याचा अधिकार वनखात्याकडे होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. ज्याच्या हाती नोंदीचे पुस्तक, त्याच्या हाती व्यवहार, हे या घटनेवरून स्पष्ट होते. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले. त्यांपैकी अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपाने यांची विक्री स्वतः करू लागल्या. मजुरांची हजेरी, पुडक्यांची मोजणी, स्वामित्वशुल्क, बँकखाते व लेखापरीक्षण ही कामे त्यांच्याकडे आली. आकाराने लहान असली, तरी माहिती-व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही एका व्यापारी संस्थेचीच कामे होत.

वैयक्तिक दाव्यांच्या मोजणीसाठी हाती धरावयाची जीपीएस यंत्रे वापरण्यात आली. अशा यंत्राच्या स्थाननिश्चितीत काही मीटरांची चूक संभवते व दाट झाडीत ती वाढते. एक हेक्टराच्या चौरस शेताची बाजू १०० मी. असते. चारही बाजू ५ मी. आत धरल्या गेल्यास क्षेत्र ०.८१ हेक्टर भरते, म्हणजे सु. एक-पंचमांश जमीन नोंदीबाहेर राहते. मोठ्या कक्षाच्या मोजणीत नगण्य असणारी ही चूक लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी ठरते. म्हणून मोजणीच्या वेळी शेजारी व वनहक्क समितीचे सदस्य यांची उपस्थिती आणि नकाशाची ग्रामसभेत पडताळणी या बाबी यंत्राइतक्याच महत्त्वाच्या असतात. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांत उपग्रह-प्रतिमा व अन्य तंत्रे इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येतील, परंतु त्यांची जागा घेऊ शकणार नाहीत, असे स्पष्ट केले आहे.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना वनजमिनीवरून हटविण्याविषयी आदेश दिला व २८ फेब्रुवारी रोजी त्यास स्थगिती दिली. त्यानंतर फेटाळलेल्या दाव्यांचे पुनर्विलोकन राज्यांना करावे लागले. शेजारच्या मध्य प्रदेशात यासाठी ‘वनमित्र’ ही प्रणाली वापरण्यात आली. तिचा विकास पुण्याच्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने केला होता. हजारो दाव्यांचा माग ठेवणे अशा प्रणालीमुळे सुलभ होते. परंतु ज्यास संगणक हाताळता येत नाही व ज्याच्या गावी जाळे पोहोचत नाही, अशा दावेदारास मध्यस्थावर विसंबावे लागते, ही तिची मर्यादाही दिसून आली. येथे चुकीच्या नोंदीची किंमत पगारपत्रकातील चुकीसारखी पुढील महिन्यात वळती करून घेता येत नाही. ती एका कुटुंबाच्या शेताइतकी असते.

प्रणाली-विकासातील विशेष प्रश्न : या जिल्ह्यांसाठी प्रणाली तयार करताना काही अटी प्रारंभीच विचारात घ्याव्या लागतात. पहिली अट जाळ्याविना काम चालण्याची होय. पावसाळ्यात पर्लकोटा नदीस पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो. एटापल्ली व सिरोंचा तालुक्यांतील कित्येक गावांत दूरध्वनीचे मनोरे उशिरा पोहोचले. म्हणून नोंद जागेवर साठवून नंतर मुख्य संगणकाकडे पाठविण्याची सोय आवश्यक असते आणि एकच नोंद दोन ठिकाणी बदलल्यास कोणती ग्राह्य धरावयाची याचा नियमही ठरवावा लागतो. दुसरी अट भाषेची होय. मराठी ही प्रशासनाची भाषा असली, तरी माडिया व गोंडी भाषकांना जागांची, झाडांची व हंगामांची नावे आपल्या भाषेत नोंदविता आली पाहिजेत. डोंगर, ओढा किंवा देवस्थान यांचे स्थानिक नाव गळाल्यास दाव्याच्या सीमेचा पुरावाच गळतो. तिसरी अट दुरुस्तीची होय. प्रत्येक नोंदीबरोबर ती कोणी, केव्हा व कशाच्या आधारे केली याचा उल्लेख असावा आणि जुनी नोंद न पुसता नवी जोडली जावी. कागदी वहीत खोडलेली ओळ वाचता येत असे. सदोष आज्ञावलीत ती नाहीशी होते. चौथी अट सातत्याची होय. बदलीवर जाणारा अधिकारी, मुदत संपलेला कंत्राटदार व बंद पडलेले संकेतस्थळ यांमुळे प्रणाली निरुपयोगी होतात. यासाठी आराखड्याचे लेखी वर्णन, सर्वमान्य स्वरूपातील माहितीच्या प्रती आणि देखभालीचा खर्च यांची तरतूद मूळ करारातच असणे इष्ट होय.

मूल्यमापन : चंद्रपूर व गडचिरोली येथील अनुभवावरून असे दिसते, की संगणकीकरण प्रथम तेथे यशस्वी झाले, जेथे नोंदीचा घटक निर्विवाद होता : कोळशाचा टन, विजेचे एकक, सागाचा ओंडका किंवा कामगाराची हजेरी. जेथे घटकच वादाचा होता, म्हणजे जमीन शेत की झुडपी जंगल, क्षेत्र कक्षाचे की गावाचे, तेथे यंत्रांनी वाद मिटविला नाही. उलट तो अधिक स्पष्टपणे समोर आणला. मेंढ्यात परवान्यांचे कागदी पुस्तक ग्रामसभेच्या हाती येण्याने जो बदल झाला, तो परवाना संगणकावर आल्यानंतरही टिकावयाचा असेल, तर प्रणालीत ग्रामसभेस केवळ अर्जदार न मानता नोंद करणारी व दुरुस्त करणारी अधिकृत संस्था मानले पाहिजे. २०११ मध्ये गडचिरोली येथे स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आणि दोन्ही जिल्ह्यांतील अभियांत्रिकी व तंत्रशिक्षण संस्था यांतून स्थानिक भाषा जाणणारे क्रमादेशक तयार होत गेल्यास आवश्यकतांच्या निश्चितीचे काम गावाच्या अधिक जवळ येईल. वनजिल्ह्यांतील माहिती-व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही बाब नव्या यंत्रांच्या खरेदीहून अधिक महत्त्वाची आहे.